वळणापलीकडचा माणूस

१२ जानेवारी

आज चाचणीची पहिली गाडी सीमेपार गेली! स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं आणि ज्ञानेश्वरभाऊ त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले — लग्नात पंगतीला बसावं तसे. नियम आहे, ट्रक स्वतः चालला तरी आत एक माणूस हवा. "मॅडम, तीस वर्षं ट्रक चालोला, पन असं पावन्यासारखं कदी बसलो नाई," म्हणाले.

खामगावहून कापसाच्या गाठी भरून निघायचं, नांदुऱ्यावरून आमच्या जळगाव जामोदला, पुढं जामोद, मग घाट. घाट उतरताना मध्येच दोन राज्यांच्या सीमेचा दगड. तिथपर्यंत ट्रक माझ्या नियंत्रण कक्षाच्या ताब्यात. दगड ओलांडला की बुऱ्हानपूरच्या.

याआधी मी एसटी डेपोत आठ वर्षं वाहतूक नियंत्रक होते. तिथं ड्रायव्हर निदान भांडायचे तरी. इथं समोर पडदा, पडद्यावर एक निळा ठिपका. बस्स.

दगड जवळ आला की मी फोनवर विचारायचं, "सोडू का?" पलीकडून उत्तर — "सोडा. धरली." मग बटण. पलीकडे कोणी हेमराज महाजन आहेत. मराठी बोलतात. सर्दी झालेली दिसते.

१३ जानेवारी

सर्दी नाही. आवाजच तसा आहे.

२१ जानेवारी

दोन राज्यं म्हणजे दोन तऱ्हा. घाटात आमच्या ट्रकला चाळीसची मर्यादा, त्यांच्याकडे तीसची. त्यामुळं दगडाशी आला की ट्रक एकदम हळू होतो आणि मागचे जीपवाले शिव्या देतात. ज्ञानेश्वरभाऊ काच खाली करून सांगतात, "मले काऊन शिव्या देता? मी चालोतच नाई!"

महाजनांना म्हटलं, आपण दोघांनी मिळून वर कळवू या. त्यांनी लगेच होकार दिला. आता आमच्याच हद्दीत आधीपासून वेग हळूहळू उतरवायचा असं ठरलं. एवढीशी गोष्ट. पण नागपूरच्या साहेबांची परवानगी आणि त्यांच्याकडच्या साहेबांची परवानगी यायला आठवडा गेला. तो आठवडाभर आम्ही रोज फोनवर "आली का?" "नाही आली. तुमची?" एवढंच बोलत होतो. आणि तरी बराच वेळ बोलत होतो. कसं काय, कुणास ठाऊक.

२९ जानेवारी

आईंनी आज ज्वारी पाखडता पाखडता विचारलं, "बोलला का आज थो बुऱ्हानपूरवाला?"

आई म्हणजे माझ्या सासूबाई, जनकाबाई. रवीला जाऊन सहा वर्षं झाली. मूत्रपिंडाचा आजार, दीड वर्षाचा. तो गेल्यावर माझा भाऊ खामगावहून न्यायला आला होता. आई दारात उभ्या होत्या. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत. मीच पिशवी परत आत नेऊन ठेवली. तेव्हापासून आम्ही दोघीच.

मी म्हटलं, "कामाचं बोलतो आम्ही."

"मी कुठं काय म्हटलं? कामाचंच इचारलं."

७ फेब्रुवारी

परतीच्या गाडीत ज्ञानेश्वरभाऊंकडे एक पुडा आला. मावा जिलेबी! महाजनांनी पाठवली. गाडीत खासगी सामान न्यायचं नाही असा नियम आहे. भाऊ म्हणाले, "सामान नाई मॅडम, माह्या डब्यातलं जेवन हाय थे."

आईंनी पुडा उघडला. "काळी काऊन हाय वो ही? जळाली का?" मग एक खाल्ली. मग दुसरी.

१५ फेब्रुवारी

गाडी आज उशिरानं आली. तोवर बोललो. त्यांची मुलगी इंदूरला नर्सिंगला आहे. बायको कोरोनात गेली. दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत होते, आत जाऊ दिलं नाही. हे सगळं त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. मीही रवीचं सांगितलं. कुणाला सांगत नाही मी. इथं कशी सांगू शकले? चेहरा दिसत नाही म्हणून असेल.

मग ठिपका आला. "सोडू का?" "सोडा. धरली." — आणि त्यानंतर नेहमीचं "मॅडम" म्हणायचं ते विसरले.

२४ फेब्रुवारी

रात्र बरीच झालीय. पण आजचं आजच लिहायला हवं.

गाडी घाटाचा चढ संपवून उतारावर लागली होती. पुढं दोन वळणं, मग दगड. पडदा सगळा हिरवा. तेवढ्यात त्यांचा फोन, वेळेच्या आधी.

"गाडी कुठंय?"

"उताराला लागली."

"थांबवा."

"काय झालं? रस्ता मोकळा दाखवतोय."

"दाखवू द्या! होळीचा बाजार आहे आमच्याकडं. पाड्यांवरची सगळी माणसं बाजार करून परत निघालीत, घाट चढून तुमच्याकडं येताहेत. बायका, पोरं — पूर्ण रस्ताभर. आत्ता एक मोटारसायकलवाला सांगून गेला. मी तीन दिवस सूचना पाठवतोय, तुमच्याकडून 'मिळाली' येतंय!"

माझ्या पडद्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

ट्रकला डोळे आहेत, समोर माणूस आला तर तो थांबतो. पण वळणापलीकडचं त्याला दिसत नाही. ते कळावं म्हणून तर ही सगळी जोडणी — इकडच्या खबरा तिकडं, तिकडच्या इकडं. गाठींनी भरलेला ट्रक, उतार, आणि वळणावर अचानक पोरं! थांबेल? कदाचित. कदाचित नाही.

पण घाटात मध्येच गाडी थांबवायची नाही, पडद्यावर सूचना असल्याशिवाय किंवा आतल्या माणसानं सांगितल्याशिवाय. कारण मागून येणारा धडकेल. आणि मागं एसटी होती. भरलेली. मला ती माहीत होती, डेपोतून सुटताना मीच खिडकीतून पाहिली होती.

एका बाजूला हिरवा पडदा आणि नियम. दुसऱ्या बाजूला फोनवरचा एक आवाज, ज्याचा चेहराही मी पाहिलेला नाही.

बटण दाबलं.

"मॅडम, काऊन थांबोली? रस्ता तं मोकळा हाय," ज्ञानेश्वरभाऊ.

"भाऊ, उतरा. लाल फडकं घ्या आणि मागं पळा. एसटी येतेय, तिला अडवा!"

पुढं काही विचारलं नाही त्यांनी. कॅमेऱ्यात पळताना दिसले. एवढा जाड माणूस, धोतराचा सोगा धरून पळत होता.

नागपूरहून साहेबांचा फोन. "गाडी का थांबली? कशाच्या आधारावर?"

"फोन आला."

"कुणाचा?"

"बुऱ्हानपूरचा."

"सिस्टीममध्ये काही आहे का? नाही ना? मग चालू करा. घाटात उभी करून ठेवलीय तुम्ही!"

मी म्हटलं, "नाही करत." बस, एवढंच. आवाज कुठून आला कळलं नाही.

एसटी येऊन मागं उभी राहिली, ब्रेकचा आवाज मला इथं ऐकू आला. पुढं रस्ता रिकामा. तसाच रिकामा. साहेब फोनवर. वाटलं, चुकले. कुणीच येत नाहीये.

मग भाऊंचा आवाज. "मॅडम... ढोल वाजून राह्यला."

आणि वळणावरून माणसं आली. आधी चार-पाच तरुण, नाचत. मग बायका, एकमेकींच्या कमरेत हात घालून, गात. मग पोरं, पोरं, नुसती पोरं! रस्ताभर. वळणाच्या अगदी तोंडाशी. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहत गेली. कुणी काचेवर गुलाल फासला. चार-पाच वर्षांच्या एका मुलीनं पुढच्या बंपरवर हात ठेवला आणि वर बघितलं — सरळ कॅमेऱ्यात. माझ्याकडे. तिच्या आईनं तिला ओढून नेलं.

साहेबांनाही दिसलं असणार. त्यांनी फोन ठेवला.

मी बुऱ्हानपूरला लावला. म्हटलं, "आले."

"किती?"

"मोजता येत नाहीत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आज सर्दी असेल, असं मी धरून चालते.

२६ फेब्रुवारी

कळलं काय झालं ते. त्यांच्या यंत्रणेत खबरांच्या प्रकारात 'मेळा' आहे. आमच्या यंत्रणेत तो शब्दच नाही. अपघात आहे, दरड आहे, रस्ता बंद आहे. माणसं आनंदानं रस्त्यावर चाललीत — असा प्रकारच नाही! म्हणून आमच्या यंत्रणेनं त्यांची खबर घेतली, 'मिळाली' असं उत्तर धाडलं, आणि टाकून दिली. तीन दिवस.

मिळालं म्हणजे कळलं असं नाही.

२८ फेब्रुवारी

साहेब आज स्वतः आले. दार लावून बसले. म्हणाले, "अहवालात लिहा, बुऱ्हानपूरकडून वेळेवर सूचना आली नाही. ऐनवेळी फोनवर कळलं, तुम्ही प्रसंगावधान राखलं. तुमचंही नाव होईल."

"पण सूचना आली होती, सर."

"कुणाला दिसली?"

"आपल्या यंत्रणेला."

साहेब म्हणजे वाईट माणूस नाही. घाबरलेला माणूस आहे. दोन राज्यांचे अधिकारी, वर्तमानपत्रं, सगळं त्यांच्या डोक्यावर. जाताना म्हणाले, "मार्चअखेर तुमच्या कराराची मुदत संपते. नव्यानं घ्यायचं की नाही ते मलाच लिहायचंय. विचार करा."

तसं लिहिलं तर तिकडं महाजनांची नोकरी जाईल. माणसं वाचवली त्याचीच!

१ मार्च

आईंना सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

"खरं लिहिलं तं तुही नोकरी जाईन?"

"जाऊ शकते."

"आन् खोटं लिहिलं तं त्याची?"

"हो."

तव्यावरची भाकरी उलटली. "तं मंग इचारून काय राह्यली मले? लिही नं."

२ मार्च

लिहिलं. जसं घडलं तसं. पाठवलं.

३ मार्च

होळी. गल्लीत पोरांची ओरड. साहेबांचा फोन नाही. बुऱ्हानपूरचाही नाही. चाचणी बंद ठेवलीय, त्यामुळं गाडी नाही, त्यामुळं फोनला कारण नाही.

६ मार्च

कारण नसताना फोन आला.

"तुम्ही काय लिहिलंत ते आमच्याकडं आलंय," म्हणाले. आणि मग, "असं कुणी लिहीत नाही, सुचिताजी."

मी म्हटलं, "असं कुणी थांबवायलाही सांगत नाही."

१९ मार्च

सीमेच्या दगडाशी बैठक! दोन्हीकडचे अधिकारी, पोलीस, रस्तेवाले, शामियाना, खुर्च्या. आणि ते.

मी वेगळाच माणूस धरून चालले होते. उंच, जाडसर. हे बारीक, केस पिकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मला बघून आधी हसले नाहीत. आवाज ऐकला तेव्हा हसले. मी नुसतं "नमस्कार" म्हटलं होतं.

बैठकीत शब्दांवरून तास गेला. त्यांचं 'मेळा', आमच्याकडं नाही. आमचं 'पाणंद बंद', त्यांच्याकडं नाही. एकेक शब्द घेऊन दोन्हीकडं एकच अर्थ लागेल असं करायचं ठरलं. आणि जी खबर यंत्रणेला कळत नाही ती टाकायची नाही, माणसापुढं ठेवायची.

मग ताब्याचा प्रश्न निघाला. गाडी कुणाच्या ताब्यात असताना कुणी थांबवायची? त्यांचे एक अधिकारी म्हणाले, ज्याची हद्द त्याचा अधिकार. मी उभी राहिले. म्हटलं, "रस्त्यावर माणूस आहे हे ज्याला कळलं, त्यानं थांबवावी. हद्द कुणाची ते नंतर बघू. त्या मुलीला हद्द माहीत नव्हती." कुठल्या मुलीला, कुणी विचारलं. हेमराजजींनी सांगितलं. बंपरवरच्या हाताचं. मी त्यांना फोनवर कधीतरी सांगितलं होतं. सगळं जसंच्या तसं लक्षात होतं त्यांच्या.

साहेबांनी कागद पुढं ओढला. दोन्ही कक्षांना थांबवण्याचा अधिकार, असं लिहून पहिली सही त्यांनी केली. चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि चहा सांगितला. सगळ्यांना.

३१ मार्च

मुदत वाढली. साहेबांनी फोन करून सांगितलं नाही, नुसता कागद आला. चालेल!

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मिरवणूक, घरी खीर. आईंनी नवीन पांढरं लुगडं नेसलेलं. दुपारी दारात कोण? हेमराजजी! मला काही बोललेही नव्हते. हातात जिलेबीचा पुडा.

आईंनी वरून खालपर्यंत पाहिलं. "तूच का थो फोनवाला?"

"हो, मावशी."

खीर वाढली. ते खात असताना समोर बसल्या. मी आत, दाराआड. मला माहीत होतं काय विचारणार. विचारलंच.

"आमी कोन हाओत, थे मालूम हाय नं तुले?"

चमचा खाली ठेवला त्यांनी. "मालूम आहे मावशी. आज काय दिवस आहे तेही मालूम आहे, म्हणून आजच आलो. तुम्हाला मी महाजन चालतो का, ते तुम्ही सांगा."

आईंनी वाटीत आणखी खीर घातली. भरपूर. हेमराजजींनी ती सगळी संपवली, घाम येईपर्यंत.

२० एप्रिल

गाड्या पुन्हा सुरू! आज त्यांच्याकडून खबर आली — 'लग्नाची वरात, दगडापासून पुढं'. माझ्या पडद्यावर लगेच उमटली, पिवळी. ट्रक आपला आपण हळू झाला. ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "मॅडम, नवरदेव घोड्यावर हाय. घोडं आपल्याले पाहून राह्यलं." एवढं हसले मी की पलीकडं त्यांनाही हसू आवरेना.

२७ एप्रिल

आज त्यांनी विचारलं. गाडी गेल्यावर. आडवळणानं नाही, सरळ. "माझ्या घरी याल का, कायमच्या?"

मला माहीत होतं विचारणार. उत्तरही तयार होतं, कितीतरी दिवस.

म्हटलं, "आईंना मी नाही टाकून येऊ शकत. त्यांचा मुलगा गेला, नवरा गेला. बहात्तर वर्षांच्या आहेत. मीही गेले तर त्या दारात कुणाची वाट बघतील?"

"कळलं," म्हणाले. रागावले नाहीत. त्यानंच जास्त लागलं.

२८ एप्रिल

"सोडू का?" "सोडा. धरली." आणखी काही नाही.

३० एप्रिल

आईंनी ताट माझ्यापुढून ओढलं. "चार दिस झाले, चिमनीसारखं खाऊन राह्यली. काय झालं?"

लपवता आलं नाही. सांगितलं, त्यांनी काय विचारलं आणि मी काय म्हटलं. सांगताना वाटत होतं, आई खूश होतील. डोक्यावरून हात फिरवतील. रवीचं नाव काढतील.

काहीच नाही. उठल्या, हात धुतले, अंगणातल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडल्या. मी दोनदा हाक मारली. झोपल्या नव्हत्या, मला माहीत आहे.

का सांगितलं मी? त्यांच्यामुळं मी अडले असं वाटलं असेल. जन्मात कधी त्यांना ओझं म्हटलं नाही, आणि आज नेमकं तेच ऐकवलं.

१ मे

दिवसभर बोलल्या नाहीत. बुद्धपौर्णिमा. विहारात माझ्याशेजारीच बसल्या होत्या. परत येताना खड्ड्यापाशी माझा हात धरला, एवढंच. घरी आल्यावर सोडला.

२ मे

सकाळी उठले तर आईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, हातात पिशवी. कुठं म्हटलं, तर म्हणाल्या — "बुऱ्हानपूरले. पोरगी द्याची म्हटलं तं मायनं आदी घर पाहा लागते. अन् मले रायले एक खोली हाय का, थे बी पायतो. तू आपली ड्युटी कर."

चहा ठेवायला आत वळले. बाहेर आले तोवर एसटीला गेल्यासुद्धा!